आबांचा राखाडी ट्रॅक्टर

मनमाड सोडून भुसावळच्या दिशेने गाडी निघाली, की पंचवीसेक किलोमीटरांवर नांदगाव लागते. दक्षिणेस सातमाळ्याचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेली हलकी, मुरमाड जमीन, असा हा मुलूख आहे. पाऊस येथे हात राखूनच पडतो. बाजरी, मका, कापूस आणि कांदा ही येथली पिके. गावापासून थोड्या अंतरावर, रेल्वेमार्गाच्या कडेलाच, आबांचा मळा आहे. मळ्यात विहीर आहे, विहिरीजवळ बाभूळ आहे आणि त्या बाभळीखाली एक राखाडी रंगाचा, बुटकासा ट्रॅक्टर उभा असतो. येणारेजाणारे त्याला पाहून हसत. आजकालच्या धिप्पाड, लालनिळ्या ट्रॅक्टरांपुढे तो एखाद्या शिंगरासारखा दिसे.

हा ट्रॅक्टर फर्ग्युसन जातीचा. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. १९०९ साली त्याने स्वतः बांधलेल्या विमानातून उड्डाण केले. आयर्लंडमध्ये विमान उडवणारा तो पहिलाच. पुढे त्याचे मन आकाशातून जमिनीकडे वळले. नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढत न्यायचा नाही, तर तीन बिंदूंत जोडून तेलाच्या दाबाने वरखाली करायचा, ही युक्ती त्याने रूढ केली. आणि आज जगातील बहुतेक ट्रॅक्टर तिच्यावरच चालतात. त्याचे हे राखाडी यंत्र इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला, तो याच जातीच्या ट्रॅक्टरांना पट्टे चढवून. बर्फात ध्रुव गाठणारे हे यंत्र नांदगावच्या मुरमात बाजरी पेरते, याचा आबांना फार अभिमान. ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे दुसऱ्यांदा आले तर दुसऱ्यांदाही सांगत.

१९६४ साली आबांच्या वडिलांनी हा ट्रॅक्टर मालेगावकडील एका बागाइतदाराकडून जुनाच विकत घेतला. आबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. शेतातली हरळी बैलांच्या नांगराला दाद देत नव्हती, ती या ट्रॅक्टरने मुळापासून उपटून काढली. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, तेव्हा याच ट्रॅक्टरमागे पिंपांची गाडी जोडून आबा दिवसातून दोन खेपा पाणी आणीत. आता घरात मुलाने घेतलेला नवा, मोठा ट्रॅक्टर आहे. नांगरट त्यानेच होते. परंतु हलकी पेरणी आणि कांद्याच्या रानातील बारीकसारीक काम आबा आपल्या राखाडी सोबत्यानेच करीत. त्याच्या वजनाने जमीन दाबली जात नाही, असे ते म्हणत. आणि ते खोटेही नव्हते.

यंदा माघात मात्र विपरीत घडले. ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे विजेने इंजिन फिरवणारी मोटर, कित्येक दिवसांपासून कण्हत होती. आबा मग पुढे जाऊन हँडल मारीत. त्या दिवशी इंजिनाने उलटा झटका दिला, हँडल सर्रकन मागे फिरले आणि आबांचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. मुलगा वडिलांना उलट बोलणारा नव्हता, पण हाताचे प्लास्टर निघाले त्या दिवशी त्याने स्पष्ट सांगितले, “आबा, आता तुम्ही हँडलला हात लावायचा नाही. मृगाच्या पेरणीपर्यंत हा सेल्फवर सुरू होत असेल तर राहू द्या. नाहीतर भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकू.” आबा काही बोलले नाहीत. सातवीत शिकणारी त्यांची नात दाराआड उभी राहून हे ऐकत होती. तीच संध्याकाळी मिस्त्रींना बोलावून घेऊन आली.

हे मिस्त्री रेल्वेच्या विद्युत खात्यात तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेले. मार्गावरील उंच तारांची देखभाल करण्यात त्यांचे आयुष्य गेले. बोलणे थोडे, हाताला घाई नाही, आणि खिशात नेहमी एक छोटा मीटर. त्यांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, बॅटरीवरचे फडके दूर केले आणि टर्मिनलवर साचलेला हिरवट-पांढरा क्षार बोटाने दाखवला.

“आबा, ही ६ व्होल्टची बॅटरी. हिच्यात घरे तीन. एकेका घराचे सुमारे २ व्होल्ट. तुमच्या डायनॅमोचे आर्मेचर जळले आहे, म्हणून ती भरली जात नाही. आणि या सांध्यांवर जेवढी वीज येते तिच्यातली बरीच येथेच अडते.”

“मग डायनॅमो भरून घ्या आणि सांधे घासा,” आबा म्हणाले.

“तेही करता येईल. ६ व्होल्टचा दोष नाही. साठ वर्षे त्यानेच तुमची सेवा केली. पण या मापाची बॅटरी आता जवळपास कोठे मिळत नाही. डायनॅमोचे भाग तर त्याहून दुर्मीळ. १२ व्होल्टची बॅटरी मात्र प्रत्येक दुकानात आहे. आपण याला बाराचा करू.”

मिस्त्रींनी येथे सहाची बाजू घेतली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभण्यासारखेच होते. जुने यंत्र अडले, की लोक त्याच्या जुनेपणालाच दोष देतात. त्याचे सांधे किती वर्षांत घासलेले नाहीत, हे कोणी पाहत नाही.

नातीला मात्र निराळीच शंका होती. “मिस्त्रीबाबा, दिव्याला लागणारी वीज तेवढीच, सेल्फला लागणारी तेवढीच, मग ६ काय आणि १२ काय, फरक काय पडतो?”

मिस्त्रींनी बाभळीखालची काडी उचलली आणि धुळीत एक अरुंद रस्ता काढला. “समज, ऐंशी पोती बाजारात न्यायची आहेत. दहा-दहा पोत्यांच्या गाड्या केल्या, तर किती लागतील?”

“आठ.”

“आणि वीस-वीस पोत्यांच्या केल्या तर?”

“चार.”

“बाजारात माल तेवढाच पोहोचला. पण या अरुंद रस्त्यावर आठ गाड्यांची घासाघीस जास्त, की चारांची? एका गाडीत किती पोती, तो व्होल्ट. रस्त्याने किती गाड्या धावतात, तो अँपिअर. ३६ वॅटचा दिवा घे. ६ व्होल्टवर त्याला ६ अँपिअर लागतील, १२ व्होल्टवर ३ च. आता एखाद्या गंजक्या सांध्यात ६ अँपिअरला अर्धा व्होल्ट गळत असेल, तर ३ अँपिअरला पावच गळेल. सहातून अर्धा गेला म्हणजे बाराव्वा हिस्सा गेला. बारातून पाव गेला म्हणजे?”

नातीने धुळीतच आकडे मांडले. थोड्या वेळाने तिने मान वर केली. “अठ्ठेचाळिसावा!”

“म्हणजे व्होल्ट दुप्पट केला, आणि गळती चौथ्या हिश्श्यावर आली. ते बघ.” मिस्त्रींनी काडी रेल्वेमार्गाकडे वळवली. खांबांवरून गेलेली तार उन्हात चमकत होती. “तिच्यात २५,००० व्होल्ट आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस या मार्गावर ही तार आली. पण मुंबईकडची विजेची गाडी त्याहून जुनी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ती पहिल्याने धावली, ती दीड हजार व्होल्टवर, आणि त्या विजेची जातही वेगळी. पुष्कळ वर्षे इगतपुरीला दोन्ही तारांची गाठ पडे. तेथे गाडी थांबवून इंजिनच बदलावे लागे. दीड हजार व्होल्टला अँपिअर फार लागत, तारा जाड लागत, वीजपुरवठ्याची ठाणी जवळजवळ उभारावी लागत. शेवटी मुंबईचेही मार्ग एकेक करून पंचवीस हजारांवर आणले. मध्य रेल्वेवरचा शेवटचा २०१६ साली बदलला. एवढ्या मोठ्या रेल्वेने जे केले, तेच आपण या बाभळीखाली करायचे आहे. फक्त आपली तार घरभर लांबीची आहे.”

आबा बाजेवर बसून हे सारे ऐकत होते. ते हळूच म्हणाले, “बॅटरी बदलली, डायनॅमो बदलला, कॉइल बदलली. असे बदलत गेलो तर हा माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर राहील कसा?”

या प्रश्नाला मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. नातीने मात्र भाबडेपणाने विचारले, “आबा, याचे टायर तेच आहेत?” आबांनी मान हलवली. टायर किती वेळा बदलले, याची मोजदादच नव्हती. क्लचप्लेट दोनदा नवी घातली होती. बसायची बैठक नांदगावच्या लोहाराने ठोकून दिलेली. रेडिएटर दुसऱ्या ट्रॅक्टरचा. डाव्या बाजूचे मडगार्ड १९७२ साली पिंपांच्या गाडीवर आपटून फाटले, ते पत्र्याचा तुकडा लावून सांधलेले. आबा एकेक भागाला हात लावून सांगू लागले आणि सांगता सांगता स्वतःशीच हसले. “उद्या सकाळी या, मिस्त्री,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. बॅटरी सोडवण्यापूर्वी मिस्त्रींनी हातातली लोखंडी कडी काढून ठेवली आणि नातीलाही बांगड्या काढायला लावल्या. पाना आणि कडे यांच्यामधून वीज गेली, तर धातू तापून कातडी भाजते. बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेट घेतो, म्हणून विडी ओढणाऱ्या गड्याला त्यांनी विहिरीपलीकडे पिटाळले. ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाला जोडलेले टर्मिनल प्रथम सोडायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे, हा त्यांचा पहिला नियम. नातीने तो वहीत लिहून घेतला.

या ट्रॅक्टरमध्ये एक विशेष होता. आजच्या वाहनांत बॅटरीचे ऋण टोक लोखंडी अंगाला जोडलेले असते. येथे धन टोक जोडलेले होते. त्या काळी इंग्लंडात तशीच रीत होती. डायनॅमोच्या जागी जो नवा आल्टरनेटर बसवायचा, त्याला मात्र ऋण टोकच अंगाला लागते. त्याच्या पोटात डायोड नावाचे छोटे दरवान असतात. ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात. उलट्या दिशेने बॅटरी जोडली, तर क्षणात जळून जातात. तेव्हा टोके बदलणे भाग होते.

“टोके उलटी केली, तर सेल्फ उलटा नाही फिरणार?” नातीने विचारले.

मिस्त्री थांबले. हा प्रश्न त्यांना आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. “नाही फिरणार. त्याच्यात चुंबक तयार करणारी गुंडाळी आणि फिरणारी गुंडाळी एकाच माळेत आहेत. वीज उलटी आली, की दोन्हींचे चुंबकत्व एकदमच उलटते. दोन माणसे समोरासमोर उभी आहेत; दोघेही एकदम मागे वळले, तर पुन्हा त्यांच्यात नाते तेच, एकमेकांकडे पाठ! ढकलण्याची दिशा बदलत नाही.” सेल्फ त्यांनी जुनाच ठेवला. तो सहाचा असला तरी बारावर क्षणभर चालू शकतो. फक्त पाच मोजेपर्यंतच फिरवायचा, मग त्याला निवू द्यायचे, अशी ताकीद दिली. कॉइल मात्र बाराची आणली, कारण सहाची कॉइल बारावर तापते आणि पॉइंटही जाळते. अँपिअरमीटरच्या दोन तारांची अदलाबदल केली, नाहीतर बॅटरी भरत असताना काटा ती रिकामी होत असल्याचे सांगेल. दिव्याचे बल्ब बदलले. एक जुना बल्ब त्यांनी मुद्दाम नव्या बॅटरीला लावून दाखवला. तो विजेसारखा लखकन चमकला आणि काळा पडला.

कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा हातात घेताच तुकडे होऊन पडत होत्या. त्या सगळ्या काढल्या. ट्रॅक्टरचे अंग जेथे तारांना भेटते, तेथला साठ वर्षांचा रंग आणि तेलकट मळ पॉलिशपेपरने घासून लोखंड चांदीसारखे उजळ केले. हे काम सर्वांत कंटाळवाणे; मिस्त्रींनी त्याला पूर्ण दिवस दिला, आणि खरे पाहता निम्मे श्रेय त्या दिवसाचेच होते. संध्याकाळी सारे तयार झाले. बॅटरी जागेवर बसवून, दोन्ही टोके मोकळी ठेवून मिस्त्री घरी गेले. उद्या सकाळी मीटरने सर्व तपासायचे आणि मगच जोडायचे, असे ठरले.

आबांना त्या रात्री झोप आली नाही. रोहिणी नक्षत्र सरत आले होते. पश्चिमेला वीज चमकत होती. पहाटे, कोणी उठण्यापूर्वी, ते बाभळीखाली गेले. आपण जोडून पाहावे, घरच्यांना इंजिनाच्या आवाजानेच जागे करावे, असे त्यांच्या मनात होते. अंधारात त्यांनी टर्मिनल चाचपले. हात आपोआप वळला; साठ वर्षे ज्या बाजूला वळत आला होता, त्याच बाजूला. धन टोक त्यांनी लोखंडी अंगाला जोडले. मोठी ठिणगी उडाली, चरचर आवाज झाला, आणि जळक्या रबराचा वास पसरला. आबांनी तार हिसकून काढली. पण डायोड गेले होते.

सकाळी मिस्त्री आले तेव्हा आबा ट्रॅक्टरशेजारीच बसून होते. “कोणी हात लावला?” असे कोणी विचारण्यापूर्वीच ते म्हणाले, “मी लावला. चूक माझी आहे.” मुलगा काही बोलणार होता, पण वडिलांचा उतरलेला चेहरा पाहून तो गप्प राहिला आणि आत जाऊन चहा घेऊन आला. मिस्त्रींनी आल्टरनेटर उतरवला, तो पिशवीत घातला आणि बारा अंश उतरलेल्या आवाजात नव्हे, तर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “मनमाडला डायोडची थाळी बदलून मिळेल. इंजिन, सेल्फ, कॉइल सारे ठीक आहे. आबा, माझ्या तरुणपणी मीही एकदा जुन्या सवयीने नव्या खटक्याला हात घातला होता. माझ्या नशिबाने त्या दिवशी तारेत वीज नव्हती.”

थाळी मिळायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आभाळ दोनदा भरून आले आणि दोनदा ओसरले. आजूबाजूच्या शेतांत लोक बियाणे काढून ठेवू लागले. नातीने घरातला पांढरा ऑइलपेंट आणि एक बारीक कुंचला शोधून काढला. ट्रॅक्टरच्या अंगावर, बॅटरीच्या शेजारीच, तिने मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘ऋण येथे’. अंधारातही बोटांना कळावे, म्हणून तिने त्या बाजूच्या तारेवर सुतळीची एक जाड गाठ बांधली. आबांनी डोळे मिटून ती गाठ तीन-चार वेळा चाचपून पाहिली.

पाचव्या दिवशी दुपारी आल्टरनेटर परत जागेवर बसला. मिस्त्रींनी मीटर काढला, एकेक तार तपासली आणि शेवटची जोडणी आबांनाच करायला सांगितले. आबांनी सुतळीची गाठ हाताला लागल्याची खात्री करून घेतली, टर्मिनल बसवले आणि पान्याने आवळले. ठिणगी उडाली नाही. मग ते बैठकीवर चढले. या ट्रॅक्टरला सुरू करण्याचे बटण नाही. गिअरचा दांडाच एका ठरावीक खाचेत नेला, की सेल्फ फिरतो. त्यामुळे गिअर पडलेला असताना तो चुकूनही सुरू होत नाही. आबांनी दांडा त्या खाचेत नेला.

सेल्फ पूर्वीसारखा कण्हला नाही. तो एकदम जोरात फिरला. इतका, की आबाच दचकले. नात मोठ्याने मोजू लागली : एक, दोन, तीन. तिनाला इंजिनाने एक ठोका दिला, धुराचा एक लोट सोडला आणि मग त्याचा तो ओळखीचा, एकसारखा फटफट आवाज सुरू झाला. अँपिअरमीटरचा काटा थरथरत उजवीकडे सरकला आणि तेथेच राहिला. बॅटरी भरत होती. मुलगा पुढे आला. हँडल जेथे लावायचे, त्या भोकाकडे त्याने एकदा पाहिले आणि कोपऱ्यात पडलेले हँडल उचलून घराच्या माळ्यावर टाकून आला.

दोन दिवसांनी पाऊस आला. वाफसा होताच आबांनी बाजरीची पेरणी सुरू केली. शेवटचे तास राहिले असताना अंधार पडला, तेव्हा त्यांनी पुढचे दिवे लावले. पूर्वी त्या दिव्यांचा पिवळसर मिणमिणता उजेड चार पावलांपलीकडे जात नसे. आता बांधावरची बोरही स्पष्ट दिसत होती. मुंबईकडून आलेली एक गाडी खांबांखालून धडधडत भुसावळकडे गेली. तिच्या इंजिनाच्या माथ्यावर, तार आणि दांडा यांच्यामध्ये, निळी ठिणगी चमकून गेली. बांधावर बसलेली नात ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. आबांनी तास वळवला आणि हात वर करून तिला विचारले, किती ओळी राहिल्या. तिने तीन बोटे दाखवली.